नाशिकच्या आकाशातून अतिनवताऱ्याचे अवशेष : पाहावेत कसे, टिपावेत कसे

शनीची कडी, गुरूचे उपग्रह आणि मृगातला तेजोमेघ पाहून झाल्यावर हौशी निरीक्षकाची नजर साहजिकच अधिक अंधुक गोष्टींकडे वळते. त्यांत अतिनवताऱ्यांच्या (सुपरनोव्हांच्या), म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांचे स्थान वेगळे आहे, कारण तारकागुच्छ किंवा दीर्घिका हजारो वर्षांत डोळ्यांना जशाच्या तशा दिसतात, तर अवशेष मात्र माणसाच्या आयुष्यात मोजता येईल इतक्या वेगाने बदलतो. आपल्या आकाशगंगेत असे सुमारे ३०० अवशेष माहीत आहेत, पण त्यांतले बहुतेक रेडिओ दुर्बिणींनाच नीट दिसतात. १५७२ मध्ये टायको ब्राहे यांनी आणि १६०४ मध्ये केपलर यांनी पाहिलेल्या अतिनवताऱ्यांचे अवशेषही घरच्या दुर्बिणीतून डोळ्यांनी दिसत नाहीत. डोळा आणि साधा कॅमेरा या दोहोंच्या आवाक्यात खऱ्या अर्थाने दोनच येतात : वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ, म्हणजे क्रॅब नेब्युला किंवा एम १, आणि हंस तारकासमूहातला व्हेल नेब्युला. हा लेख मुख्यतः या दोघांविषयी आहे.

या दोघांना एकच पद्धत लागू पडत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. एकासाठी जो फिल्टर चमत्कार वाटावा असे काम करतो, तोच दुसऱ्याचा निम्मा उजेड गिळून टाकतो. त्यामुळे फिल्टर, दुर्बीण आणि एक्स्पोजर ठरवण्यापूर्वी समोरचा उजेड कशातून निर्माण होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

खेकडा तेजोमेघाच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजेच पल्सर आहे. तो १९६८ मध्ये सापडला. त्याच्यापासून निघालेले अतिवेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळण घेत जातात आणि त्यातून सिंक्रोट्रॉन प्रारण बाहेर पडते. हा उजेड एखाद्या ठरावीक रंगाचा नसून जवळजवळ सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला असतो. तेजोमेघाचा आतला निळसर-पांढरा धुरकट भाग याच उजेडाचा आहे. त्याच्याभोवती फुटलेल्या ताऱ्याच्या द्रव्याचे तंतू आहेत, आणि ते मात्र हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक अशा मूलद्रव्यांच्या ठरावीक रेषांमध्येच प्रकाशतात. थोडक्यात, एम १ मध्ये दोन वेगळे उजेड एकात एक मिसळले आहेत. व्हेल नेब्युलाचे तसे नाही. तो स्फोट होऊन १० ते २० हजार वर्षे उलटली आहेत. आज आपल्याला दिसते ती बाहेर धावणारी आघातलहर आणि तिच्या धक्क्याने उजळलेला भोवतालचा वायू. तो जवळजवळ पूर्णपणे रेषांमध्येच प्रकाशतो, आणि त्यांत ५००.७ नॅनोमीटरची दुहेरी आयनित ऑक्सिजनची रेषा डोळ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘ओ-थ्री’ नावाने मिळणारा फिल्टर ही रेषा आणि तिची जोडीदार तेवढी आत सोडतो.

नाशिकहून कधी आणि कुठे

नाशिकचे अक्षांश २० अंश उत्तर आणि एम १ ची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, २२ अंश उत्तर, त्यामुळे हा तेजोमेघ आपल्याकडे याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना अगदी डोक्यावर, खस्वस्तिकापासून (थेट माथ्यावरच्या बिंदूपासून) अवघ्या दोन अंशांवर येतो. युरोपातल्या निरीक्षकांना ही सोय नाही. डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड हवेच्या सर्वांत कमी जाडीच्या थरातून येतो आणि शहराजवळच्या आकाशातही तोच भाग सर्वांत काळा असतो. डिसेंबरच्या मध्यास एम १ रात्री साडेबाराच्या सुमारास डोक्यावर असतो. जानेवारीच्या मध्यास ही वेळ साडेदहाची, तर फेब्रुवारीच्या मध्यास साडेआठची होते. जूनच्या मध्यास सूर्य याच भागात असतो. तेव्हा आपल्याकडे पावसाळ्याचे ढग दाटलेले असल्याने त्यात काही गमावल्याचे दुःख नाही.

व्हेलची तक्रार मात्र पावसाळ्याशीच आहे. तो मध्यरात्री सर्वांत उंच येतो तो ऑगस्टच्या सुरुवातीस, म्हणजे ऐन श्रावणसरींत. म्हणून पाऊस परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्याच्यासाठी राखून ठेवावेत. ऑक्टोबरच्या मध्यास तो पावणेआठच्या सुमारास ७९ अंश उंचीवर असतो, आणि नुकत्याच धुतलेल्या हवेत तेव्हाची पारदर्शकता वर्षातली सर्वोत्तम म्हणावी अशी असते. नोव्हेंबर संपेपर्यंत तो अंधार पडतानाच पश्चिमेकडे झुकलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे तो पुन्हा मिळतो, पण उन्हाळी धूळ त्याची मजा घालवते.

तारखा ठरवताना अमावास्येच्या आगेमागे आठवडाभराचा काळ धरावा. आश्विनातली अमावास्या लक्ष्मीपूजनाची असते, आणि फटाक्यांच्या धुरामुळे तिच्या आसपासच्या दोन-तीन रात्री अंधुक वस्तूंसाठी वाया गेल्याच समजाव्यात. खेकड्यासाठी कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष या तीन अमावास्या सर्वांत उपयोगी. माघातल्या अमावास्येपर्यंतही तो मिळतो, पण महाशिवरात्र तिला लागूनच येत असल्याने त्या दिवसांत त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने जाण्याचा बेत करू नये. एम १ क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गापासून, दीड अंशाच्याही आत आहे, त्यामुळे चंद्र दरमहा त्याच्याजवळून जातो, हेही पंचांग पाहताना ध्यानात ठेवावे.

जागेचा विचार उजेडाच्या दिशेने करावा. शहराचा, त्यात सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींचा उजेड पश्चिमेकडच्या गावांतून पाहिल्यास पूर्व क्षितिजावर घुमटासारखा दिसतो. पेठ, हरसूल, सुरगाणा या पट्ट्यात गेल्यास पश्चिमेचे आणि उत्तरेचे आकाश चांगले काळे मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी व्हेल याच बाजूला उतरत असतो, म्हणून त्याच्यासाठी हा पट्टा उत्तम. खेकडा मात्र पूर्वेला, शहराच्या उजेडातूनच वर येतो. तो निदान ४० अंश वर चढेपर्यंत थांबावे. त्र्यंबकेश्वर-अंजनेरीचा परिसर जवळ पडतो, पण डोंगराच्या कुशीत बसल्यास उत्तर क्षितिज झाकले जाते. आपल्याकडे ध्रुवतारा केवळ २० अंश उंचीवर असल्याने छायाचित्रणासाठी जागा निवडताना उत्तर मोकळी आहे ना, हे दिवसाउजेडीच पाहून यावे. इगतपुरीच्या बाजूला महामार्गापासून आत शिरल्याशिवाय उपयोग नाही.

पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा मिळाला तर सोय चांगली होते, पण तिथल्या दोन गोष्टी आधी सांगितलेल्या बऱ्या. द्राक्षबागांमुळे जमिनीलगत ओलावा राहतो आणि हिवाळ्यात भिंगावर दव लवकर धरते. शिवाय निफाडचा पारा खूपच खाली गेला की बागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवतात, त्यामुळे शेवटच्या प्रहरातल्या चित्रांत धूर उतरतो. दवावर उपाय म्हणजे नळीच्या तोंडाशी गुंडाळायची हीटर पट्टी आणि ती चालवणारी पॉवर बँक. परावर्ती दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने सुरक्षित असतो, पण दुय्यम आरसा आणि आयपीस (डोळा लावायचे भिंग) यांवर लक्ष ठेवावे. जिल्ह्यात बिबट्याचा वावर सर्वत्र आहे, विशेषतः उसाच्या आणि झाडीच्या कडेने. एकट्याने जाऊ नये, मळ्याच्या मालकाला आणि गावात कोणाला तरी कल्पना द्यावी आणि वनक्षेत्रात रात्री थांबायचे असल्यास वनविभागाची परवानगी घ्यावी.

खेकडा शोधणे आणि पाहणे

कृत्तिकांच्या पूर्वेला रोहिणीचा तांबूस तारा आणि तिचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा शकट सहज सापडतो. हा वृषभाचा चेहरा. त्याच्या दोन फाट्या पूर्वेकडे लांबवत नेल्या की शिंगांच्या टोकांवरचे दोन तारे मिळतात : उत्तरेकडचा ठळक तारा म्हणजे अग्नी आणि दक्षिणेकडचा, तिसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू अंधुक), म्हणजे झीटा टॉरी. खेकडा तेजोमेघ या झीटापासून वायव्येला जेमतेम एक अंशावर आहे. झीटाकडून अग्नीकडे काढलेल्या रेषेच्या तो किंचित पश्चिमेला पडतो. ४८ पट वर्धन देणाऱ्या आयपीसमध्ये साधारण एक अंशाचे क्षेत्र दिसते, त्यामुळे झीटा क्षेत्राच्या आग्नेय काठाबाहेर सरकवला की अंधुक ठिपका आत यायला हवा.

त्याची प्रत ८.४ आहे, पण हा आकडा फसवा आहे, कारण तो उजेड सुमारे ६ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लांब आणि ४ कला रुंद अशा क्षेत्रात वाटला गेला आहे. चांगल्या अंधारात १०×५० द्विनेत्रीतून तो ताऱ्यापेक्षा किंचित पसरट असा डाग दिसतो. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीत त्याचा लांबट आकार कळतो. ८ इंची परावर्ती दुर्बिणीतून १०० पट वर्धनाजवळ पाहिल्यास कडा एकसारख्या नाहीत, एका बाजूला खाच पडल्यासारखी आहे, हे सावकाश लक्षात येते. खेकड्याच्या नांग्या शोधायला जाऊ नये. हे नाव आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी १८४० च्या दशकात त्यांच्या मोठ्या दुर्बिणीतून काढलेल्या चित्रावरून पडले आहे, आणि आज छायाचित्रे पाहून त्या चित्रातला खेकडा ओळखणे कठीण जाते. १७५८ मध्ये शार्ल मेसिए यांना हाच डाग धूमकेतू शोधताना दिसला, आणि असे फसवे डाग एकदाचे नोंदवून ठेवावेत म्हणून केलेल्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर आला. त्यापूर्वी १७३१ मध्येच जॉन बेव्हिस यांनी तो पाहिला होता.

डोळे अंधाराला सरावण्यासाठी पूर्ण अर्धा तास द्यावा. मोबाइलचा पडदा एकदा डोळ्यांसमोर आला की हा अर्धा तास पुन्हा सुरू होतो, म्हणून नकाशा कागदावर छापून घ्यावा आणि तांबडी टॉर्च वापरावी. डागाकडे थेट न पाहता त्याच्या थोडे बाजूला नजर ठेवावी, कारण मंद प्रकाशाला संवेदनशील असलेल्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्याबाहेर जास्त असतात. नळीला बोटाने हलकेच टिचकी मारल्यास हलणारा अंधुक डाग डोळ्याला अधिक लवकर कळतो.

ओ-थ्री फिल्टर लावल्यावर एम १ काळवंडतो. यात फिल्टरचा दोष नाही. सिंक्रोट्रॉनचा सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला उजेड फिल्टरने अडवलेला असतो आणि तंतूंचा तेवढा शिल्लक राहतो. १० ते १२ इंची दुर्बीण असेल तर हीच गोष्ट फायद्याची ठरते, कारण मऊ धुके हटले की तंतूंची अस्पष्ट जाळी जाणवू लागते. ८ इंचांपर्यंत मात्र फिल्टरशिवायच पाहावे.

१२ इंच किंवा त्याहून मोठी दुर्बीण हाताशी असल्यास एक प्रयोग जरूर करावा. आयपीसला लावायचा साधा ध्रुवण फिल्टर घेऊन तो हळूहळू फिरवावा. सिंक्रोट्रॉन प्रारण मोठ्या प्रमाणात ध्रुवित असते, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एका ठरावीक दिशेत कंप पावतात, त्यामुळे तेजोमेघाचे काही भाग फिल्टरच्या एका स्थितीत उजळ आणि दुसऱ्या स्थितीत मंद होतात. शेजारच्या ताऱ्यांत असा बदल होत नाही. १९५३ मध्ये सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी हा उजेड सिंक्रोट्रॉनचा असावा असे मांडले, आणि लगेच पुढच्याच वर्षी ध्रुवणाच्या मापनाने त्याला पुष्टी मिळाली. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने याच तेजोमेघातील पल्सरचे क्ष-किरणांतले ध्रुवण मोजले आणि ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

एक अडचण खास आपल्या अक्षांशावरची आहे. डॉब्सोनियन दुर्बीण, म्हणजे साध्या बैठकीवर वर-खाली आणि आडवी फिरणारी दुर्बीण, सरळ डोक्यावर रोखली की तिला आडव्या दिशेने सूक्ष्मपणे वळवणे जवळजवळ अशक्य होते. एम १ नेमका तिथूनच जातो. त्यामुळे तो डोक्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर पाहावा. १५ अंश खाली असला तरी हवेच्या जाडीत जाणवण्याइतका फरक पडत नाही. द्विनेत्री वापरणाऱ्यांनी आरामखुर्ची किंवा सतरंजी न्यावी. उभ्याने मान वर करून पाच मिनिटेही नीट पाहता येत नाही.

व्हेल : फिल्टर लावून

विल्यम हर्शल यांनी ५ सप्टेंबर १७८४ रोजी पाहिलेला हा अवशेष आकाशात तीन अंशांवर पसरला आहे, म्हणजे सहा पूर्ण चंद्र शेजारी ठेवावेत एवढा. हंसाच्या पंखातला एप्सिलॉन सिग्नी हा ठळक तारा धरून सव्वातीन अंश थेट दक्षिणेला यावे. तिथे ५२ सिग्नी हा चौथ्या प्रतीचा तारा आहे, आणि व्हेलची पश्चिम कमान, एनजीसी ६९६०, त्याच्या अंगावरूनच गेली आहे. ताऱ्याचा झगमगाट आड येतो, म्हणून नवख्याने आधी अडीच अंश पूर्वेला, किंचित उत्तरेकडे सरकून एनजीसी ६९९२ ही पूर्व कमान पाहावी. ती अधिक उजळ आहे.

इथे वर्धन कमी हवे. ८ इंची, एफ ६ (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) दुर्बिणीत ३० मिलिमीटरचा आयपीस लावल्यास ४० पट वर्धन मिळते आणि आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशशलाका ५ मिलिमीटरची असते. ओ-थ्री फिल्टरसाठी हे जुळणी म्हणून उत्तम आहे. फिल्टरशिवाय, अगदी पेठच्या काळोखातही, पूर्व कमान म्हणजे ‘काहीतरी असावे’ असा भास वाटतो. फिल्टर बसवताच ती पिळलेल्या दोरासारखी क्षेत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना दिसते. ज्यांना आयुष्यात एकच फिल्टर घ्यायचा आहे, त्यांनी तो ओ-थ्री घ्यावा आणि तो व्हेलसाठी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन कमानींच्या मधला त्रिकोणी धागा अधिक कठीण आहे. तो १९०४ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांना छायाचित्रात सापडला, पण नाव मात्र त्यांच्या वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांचे लागले.

छायाचित्रण : मांडणी

दोन्ही अवशेषांना एकच लेन्स चालत नाही. २३.५ × १५.७ मिलिमीटर सेन्सरच्या, म्हणजे नेहमीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स साधारण साडेचार अंश रुंद आणि तीन अंश उंच क्षेत्र देते. संपूर्ण व्हेल त्यात जेमतेम बसतो. २५० मिलिमीटर घेतल्यास कडेला मोकळीक राहते. एम १ साठी मात्र १००० मिलिमीटरच्या आसपासचे नाभीय अंतर हवे. तेवढ्यात ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तो सुमारे ४५० पिक्सेल लांब उमटतो. १३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये तोच जेमतेम ६० पिक्सेलचा ठिपका असतो. तो नोंद म्हणून ठीक आहे, चित्र म्हणून नव्हे.

इक्वेटोरियल माउंट (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारी बैठक) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २० अंश अक्षांशावर ध्रुवअक्ष जवळजवळ आडवा होतो. अनेक माउंटांत अशा वेळी प्रतिभाराची दांडी तिकाटण्याच्या पायाला आपटते. तिकाटण्याचा एक पाय नेमका दक्षिणेकडे ठेवून आणि माउंट व तिकाटणे यांच्यामध्ये उंची वाढवणारा खांब घालून हा अडथळा बहुधा टळतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ४० कला बाजूला आहे, म्हणून तो मध्यावर आणून समाधान न मानता पोलर स्कोप किंवा सॉफ्टवेअरच्या साहाय्याने त्याची त्या वेळची जागा साधावी. एम १ याम्योत्तर ओलांडतो तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला पलटवावी लागते. नळी उभी असल्याने कॅमेरा तिकाटण्याला लागण्याचा धोका याच वेळी सर्वाधिक असतो, त्यामुळे पलटणीच्या वेळी जागे राहावे.

अल्ट-अझिमथ, म्हणजे वर-खाली आणि आडव्या फिरणाऱ्या माउंटवरच्या स्मार्ट दुर्बिणी अलीकडे बऱ्याच घरांत आल्या आहेत. त्यांच्यासाठी आपला अक्षांश फारच अनुकूल आहे, आणि ही गोष्ट परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. या माउंटवर क्षेत्र हळूहळू फिरते, पण जी वस्तू जवळजवळ थेट पूर्वेकडून चढून डोक्यावर येते, तिच्या बाबतीत हे फिरणे अत्यल्प असते. नाशिकहून एम १ ६० अंश उंचीवर असताना क्षेत्र तासाला सुमारे ५ अंश फिरते, ७५ अंशांवर सुमारे १०. डोक्याजवळ शेवटच्या काही अंशांत मात्र तो वेग एकदम शेकडो अंशांवर जातो आणि चित्रे निरुपयोगी होतात. म्हणून ४० ते ७५ अंश उंचीदरम्यान काम करावे, डोक्यावरून जाताना सुमारे दोन तासांची विश्रांती घ्यावी आणि पश्चिमेला उतरताना पुन्हा सुरू करावे. जानेवारीच्या मध्यास हे दोन टप्पे अंधार पडल्यापासून साडेनऊपर्यंत आणि साडेअकरापासून दोनपर्यंत असे पडतात.

एक्स्पोजर आणि फिल्टर

फोकस करण्यासाठी खेकड्याच्या वेळी रोहिणी आणि व्हेलच्या वेळी अभिजित किंवा डेनेब निवडावा व बाख्तिनोव्ह मास्क (फोकस अचूक साधण्यासाठी नळीच्या तोंडावर लावायची खाचांची चकती) लावावा. हिवाळ्यात रात्री तापमान भराभर उतरते, तेव्हा तासातासाने फोकस पुन्हा तपासावा. शहराबाहेर, एफ ५ वर, फिल्टरशिवाय ६० ते १२० सेकंदांची एकेक फ्रेम पुरते. डीएसएलआरवर आयएसओ ८०० ते १६०० ठेवून हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर आणावा. दुहेरी-पट्टा फिल्टर (हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेषांचे दोनच पट्टे आत सोडणारा) असल्यास फ्रेम १८० ते ३०० सेकंदांची करावी. एकूण वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर तंतू उठत नाहीत. व्हेलसाठी चार तास हवेत. प्रत्येक काही फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवावी, म्हणजे सेन्सरचे ठरावीक डाग एकत्रीकरणात निघून जातात. फ्लॅट फ्रेम (धूळ आणि कडेचा काळोख काढण्यासाठी एकसारख्या उजेडाची घेतलेली चित्रे) त्याच रात्री, कॅमेरा न हलवता घ्याव्यात.

बदल न केलेल्या डीएसएलआरचा आतला फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा तांबडा उजेड बराचसा अडवतो, ऑक्सिजनचा हिरवा-निळा उजेड मात्र सुखरूप जाऊ देतो. त्यामुळे साध्या कॅमेऱ्यावरही व्हेल चांगला येतो, फक्त तांबड्या धाग्यांऐवजी निळसर धागे अधिक दिसतात. अग्नी ताऱ्याजवळच्या सिमाइस १४७ या तीन अंशांच्या अतिमंद अवशेषासाठी आणि मिथुनेतल्या जेलीफिश नेब्युलासाठी आतला फिल्टर बदललेला कॅमेरा आणि अनेक रात्री या दोन्हींची तयारी असावी.

एम १ साठी रात्र दोन भागांत वाटावी. अर्धा वेळ दुहेरी-पट्टा फिल्टरने तंतू टिपावेत, अर्धा वेळ फिल्टरशिवाय आतला सिंक्रोट्रॉनचा उजेड. सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही संच स्वतंत्रपणे एकत्र करून मग एकमेकांवर बसवावेत. नुसत्या दुहेरी-पट्टा फिल्टरचे चित्र दिसायला आकर्षक असते, पण त्यात पल्सरने पेटवलेला गाभा पोकळ दिसतो, आणि मला ते चित्र अर्धवट वाटते. नाशिक शहरातल्या गच्चीवरून फिल्टरचा भाग करून घेता येतो, कारण वस्तू डोक्यावर असते आणि एलईडी दिव्यांचा बहुतेक उजेड फिल्टर अडवतो. फिल्टरशिवायचा भाग मात्र गावाबाहेरच करावा. ८ इंची दुर्बिणीच्या चांगल्या चित्रात तेजोमेघाच्या मध्यभागी जवळजवळ असलेले दोन तारे सुटे दिसतात. त्यांतला नैर्ऋत्येकडचा, सुमारे साडेसोळाव्या प्रतीचा तारा हाच पल्सर. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ, खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण त्याच पल्सरच्या रेडिओ स्पंदांचा वेध घेते.

ध्रुवणाचे छायाचित्रण डोळ्यांनी पाहण्यापेक्षा सोपे आहे. सेन्सरसमोर ध्रुवण फिल्टर बसवून ०, ६० आणि १२० अंशांच्या स्थितींत समान एक्स्पोजरचे तीन संच घ्यावेत. कॅमेरा अजिबात फिरवू नये, फक्त फिल्टर फिरवावा. रेषांचा दुसरा कोणताही फिल्टर लावू नये, कारण तंतूंचा उजेड ध्रुवित नसतो. चंद्रप्रकाशातले आकाश स्वतःच ध्रुवित असते, म्हणून रात्र चंद्राविनाच हवी. तारे जुळवून, त्यांची तेजस्विता समान करून, एका संचातून दुसरा वजा केला की तारे जवळजवळ नाहीसे होतात आणि तेजोमेघात उजळ-काळे पट्टे उरतात. वजाबाकीनंतरही तारे ठळक राहत असतील तर तेजस्विता जुळवण्यात चूक झाली आहे, असे समजून ती पायरी पुन्हा करावी.

दुसरे काम अधिक धीराचे आहे. ४ जुलै १०५४ रोजी चीनमधील निरीक्षकांनी झीटा टॉरीजवळ नोंदवलेला ‘पाहुणा तारा’ २३ दिवस भरदिवसा दिसत होता. त्यातून उडालेले द्रव्य आजही सेकंदाला सुमारे १५०० किलोमीटर वेगाने पसरत आहे. अंतर ६५०० प्रकाशवर्षांचे असल्याने बाहेरच्या कडेचे सरकणे वर्षाला फार तर ०.२ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) भरते. दहा वर्षांत ते २ विकला होते, आणि १००० मिलिमीटर नाभीय अंतरावर पिक्सेल ०.८ विकलांचा असतो, म्हणजे फरक दोन पिक्सेलांहून अधिक. यासाठी आजच्या चित्रांच्या मूळ रॉ फायली, तारीख, दुर्बीण, कॅमेरा आणि फिल्टर यांच्या नोंदीसह जपून ठेवाव्यात. तोच संच पुढे पुन्हा वापरावा. तुलना करताना दोन्ही चित्रे तेजोमेघावर नव्हे, तर त्याच्या बाहेरच्या दहा-बारा ताऱ्यांवर जुळवावीत, आणि मोजण्यासाठी मऊ गाभ्याऐवजी कडेचे टोकदार तंतू निवडावेत. मिळालेल्या वेगाने मागे मोजत गेल्यास उत्तर १०५४ न येता त्यानंतरचे एखादे वर्ष येते, कारण पल्सरकडून येणाऱ्या ऊर्जेमुळे या तंतूंचा वेग काळाबरोबर वाढत गेला आहे.